काळे झरे, पांढरे झरे: जीवसृष्टीची सुरुवात नेमकी कुठल्या झऱ्यांपाशी?

जीवसृष्टीची सुरुवात खोल समुद्रातल्या गरम झऱ्यांपाशी झाली असावी, असं आपण वाचतो. शेजारी फोटो असतो काळा धूर ओकणाऱ्या धुराड्याचा. पण या कल्पनेचं सगळ्यात भक्कम रूप त्या झऱ्याबद्दल नाहीच. समुद्रतळावर गरम झऱ्यांचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि सगळा युक्तिवाद त्यांच्यातल्या फरकावर उभा आहे.

फोटोतला झरा म्हणजे ‘ब्लॅक स्मोकर’. १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिकमध्ये तो पहिल्यांदा दिसला. खाली शिलारस असतो, त्यामुळे पाणी ३५० अंश सेल्सिअसच्याही वर तापतं. प्रचंड दाबामुळे उकळत मात्र नाही. हे पाणी तीव्र आम्लधर्मी असतं. ते खडकातले धातू विरघळवून वर आणतं आणि थंड समुद्रात शिरताच धातूंच्या सल्फाइडांचे काळे कण तयार होतात. हाच तो ‘धूर’. अशा झऱ्यांभोवती सूर्यप्रकाशाविना जगणारी जीवसृष्टी आढळली, म्हणून उगमाची कल्पनाही त्यांना चिकटली. पण तिथे आज जीव जगतात यावरून जीव तिथेच जन्मले असं ठरत नाही. इतक्या उष्णतेत अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, झपाट्याने मोडतात, हा आक्षेप रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलर आणि जेफ्री बाडा यांनी १९८८ मध्येच घेतला होता. शिवाय असं धुराडं काही दशकांत विझतं.

दुसरा प्रकार डिसेंबर २००० मध्ये अटलांटिकच्या तळाशी सापडला. नाव पडलं ‘लॉस्ट सिटी’. पांढरे कार्बोनेटचे मनोरे, सर्वांत उंच सुमारे ६० मीटरचा. इथे शिलारसाची गरज नाही. ऑलिव्हिन हे खनिज पाण्याशी संयोग पावून सर्पेंटाइन बनतं, त्यात उष्णता आणि हायड्रोजन बाहेर पडतो. पाणी ४० ते ९० अंश, सामू (पीएच) ९ ते ११, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी. आणि हे झरे किमान ३०,००० वर्षं वाहत आहेत.

भूवैज्ञानिक मायकल रसेल यांनी असे झरे असणार, आणि जीवसृष्टी तिथेच उगम पावली असणार, असं लॉस्ट सिटी सापडण्याच्या बऱ्याच आधी मांडलं होतं. त्यांचा मुद्दा मला विलक्षण वाटतो. आदिम समुद्रात कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला होता, म्हणून तो किंचित आम्लधर्मी होता. झऱ्याचं पाणी अल्कधर्मी. मध्ये लोह-गंधकाच्या खनिजांची पातळ, सच्छिद्र भिंत. पाणी जितकं आम्लधर्मी तितके त्यात प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, जास्त. म्हणजे भिंतीच्या समुद्राकडच्या बाजूला प्रोटॉन जास्त, झऱ्याच्या बाजूला कमी. आज जिवाणूंपासून माणसापर्यंत पेशी नेमक्या अशाच फरकावर चालतात: पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठवायचे आणि धरणाच्या पाण्याने टर्बाइन फिरावं तसं त्यांना परत वाहू देऊन एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनवायचा. जैवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही यंत्रणा मांडली आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पेशीने हा फरक स्वतः निर्माण करायला शिकण्याआधी खडक तो फुकट देत होता, असं रसेल यांच्या मांडणीतून निघतं. काळ्या झऱ्यात अशी रचना जुळत नाही. त्याचं पाणी समुद्राहूनही आम्लधर्मी असतं, म्हणजे प्रोटॉनचा उतारच उलटा.

पांढऱ्या झऱ्यांनी प्रश्न सोडवला असं मात्र नाही. पाण्यात लांब साखळीचे रेणू जुळण्यापेक्षा तुटणं सोपं असतं. रसायनशास्त्रज्ञ जॉन सदरलँड यांच्या गटाने २००९ मध्ये अतिनील प्रकाशाची मदत घेऊन आरएनए या आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या रेणूचे घटक तयार करून दाखवले, आणि समुद्रतळाशी प्रकाश पोहोचत नाही. त्यामुळे जमिनीवरच्या डबक्यांची बाजू धरणारे बरेच आहेत, आणि त्यांचा आक्षेप खरोखर वजनदार आहे.

हा फरक पृथ्वीबाहेरही कामाला येतो. शनीचा चंद्र एन्सेलाडस बर्फाच्या कवचातून पाण्याचे फवारे सोडतो. त्यात कॅसिनी यानाला हायड्रोजन सापडल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. तो तिथल्या समुद्रतळाशी गरम पाणी आणि खडक यांच्या संयोगातून येत असावा, म्हणजे लॉस्ट सिटीशी मिळत्याजुळत्या प्रक्रियेतून.