खाली ‘साभार’ लिहिलं की झालं?

विकण्यासाठी लेख लिहिणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजलाय: दुसऱ्या संकेतस्थळावरचे चार परिच्छेद उचलायचे, खाली ‘साभार’ लिहून लिंक द्यायची, की झालं. तसं नाही. श्रेय देणं वेगळं, परवानगी घेणं वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ टीका, समीक्षा किंवा चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी वाजवी वापराची मुभा देतं. उतारेच्या उतारे चिकटवून मानधन घेण्याची नव्हे. निव्वळ माहितीवर मात्र कुणाची मालकी नसते. पावसाचा आकडा खुशाल घ्या, वाक्य स्वतःचं लिहा.

खरी गोची विकिपीडियाची. ‘ते तर फुकट आहे’ म्हणत लोक सर्रास उचलतात. तिथला मजकूर सीसी बाय-एसए ४.० या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली असतो. विकायला हरकत नाही, पण श्रेय द्यावं लागतं आणि त्यावर बेतलेला मजकूरही त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो. आता ग्राहकाच्या करारात ‘सर्व हक्क आमचे’ असेल, तर जे आपलं नाहीच ते तुम्ही विकलंत!

ग्राहक लिंका खोडतो म्हणून काही जण स्रोतच देत नाहीत. मग ‘हवामान खात्याच्या आकडेवारीनुसार’ असं वाक्यातच ओवा. ते सहसा कुणी खोडत नाही.