बिट, बाइट आणि हरवलेले मोठे अक्षर

घरात १०० एमबीपीएसचे (सेकंदाला १०० मेगाबिट) इंटरनेट कनेक्शन असते, पण मोठी फाइल उतरवून घेताना पडद्यावर सेकंदाला ११-१२ एमबी एवढाच आकडा दिसतो, तेव्हा कंपनी आपल्याला लुबाडते आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात जाहिरातीतला आकडा मेगाबिटांचा असतो आणि फाइलचा मेगाबाइटांचा; ८ बिटांचा एक बाइट होत असल्यामुळे १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. रोमन लिपीत हा भेद ‘बी’ हे अक्षर लहान (बिट) लिहिले आहे की मोठे (बाइट), एवढ्यावरच अवलंबून असतो. देवनागरीत तोही पुसला जातो आणि बोलताना तर ‘शंभर एमबीचं नेट’ एवढेच उरते. म्हणून मराठीत तरी हे दोन्ही शब्द पूर्ण लिहावेत, असे मला वाटते.

बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी कोणताही एक अंक. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या शोधनिबंधात हा शब्द वापरला आणि तो सुचवल्याचे श्रेय संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांना दिले. बाइट हा शब्द १९५६ मध्ये आयबीएम या संगणक कंपनीतील वर्नर बुखहोल्झ यांनी घडवला. ‘घास’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग त्यात मुद्दाम बदलले होते, कारण शेवटचे अक्षर गळले तर तो ‘बिट’ असा वाचला जाण्याची भीती होती. पुढे आद्याक्षरांनी ही सारी तजवीज वाया घालवली!

बाइटची लांबीसुद्धा आधी ठरलेली नव्हती. काही संगणकांत ६ बिटांचा गट चाले. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांच्या मालिकेमुळे ८ बिटांचा बाइट रूढ झाला. तारेवरून मात्र संकेत एकामागून एक जातात, एक अक्षर कुठे संपून दुसरे कुठे सुरू होते याच्याशी तारेला देणेघेणे नसते, म्हणून दूरसंचाराचे अभियंते बिटच मोजत राहिले. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या जुन्या मोडेमवर ८ बिटांच्या अक्षराला आरंभाचा आणि समाप्तीचा असे दोन बिट जोडले जात, त्यामुळे सेकंदाला ३०० बिटांच्या वेगाने ३०च अक्षरे पोहोचत.

आजही काही भाग असाच खर्च होतो. इथरनेटवर, म्हणजे संगणक जोडणाऱ्या नेहमीच्या तारेच्या जाळ्यावर, फाइलचे १,४६० बाइट नेताना पत्ते, तपासणीचे अंक आणि मधली मोकळी जागा धरून १,५३८ बाइटांचा वेळ जातो, म्हणून १२.५ चे जवळपास ११.९ होतात. एखादा प्रोग्रॅम एक एमबी म्हणजे दहा लाख नव्हे, तर १,०२४ × १,०२४ = १०,४८,५७६ बाइट असा हिशेब करत असेल, तर तोच वेग ११.३ दिसतो.

भारतात २००४ च्या धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिटांच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणत; म्हणजे ३२ किलोबाइट, आणि ७०० मेगाबाइटांची सीडी उतरवायला सहा तास. २०२३ पासून ही किमान मर्यादा २ मेगाबिट आहे. ५ मेगाबाइटांच्या एका फोटोला तेवढ्या वेगाने २० सेकंद लागतात.