पॅनोरमा छायाचित्रण, मोठ्या फिल्मवरील

उंचीच्या किमान दुप्पट रुंदीचे दृश्य एकाच निगेटिव्हवर टिपण्याची पद्धत. मोठी फिल्म म्हणजे सामान्यतः ४×५ इंच किंवा त्याहून मोठी, होल्डरमध्ये एकेक करून भरायची सुटी फिल्म. १२० क्रमांकाच्या रोलवरचे ६×१७ सेंमी. चित्र या वर्गात धरावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. त्याचे प्रत्यक्ष माप सुमारे ५६×१६८ मिमी. भरते. फिल्म रोलची असली तरी एवढा पट्टा व्यापायला भिंग मोठ्या कॅमेऱ्याचेच लागते. म्हणून ते येथे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पॅनोरमा हा शब्द मूळचा छायाचित्रणातला नव्हे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने वर्तुळाकार दालनात मांडायच्या भव्य चित्रांसाठी १७८७ मध्ये एकस्व (पेटंट) घेतले. शब्द मात्र १७९१ च्या सुमारास पुढे आला. पहिल्या पॅनोरमा कॅमेऱ्याचा मान कोणाचा, हा वाद अजून मिटलेला नाही. ऑस्ट्रियातील योझेफ पुखबर्गर याचे एकस्व १८४३ चे आहे. पॅरिसमधील फ्रीड्रिख फोन मार्टेन्स याचा फिरत्या भिंगाचा कॅमेरा १८४४–४५ च्या सुमाराचा. तो वक्र डॅगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या) पत्र्यावर सुमारे १५० अंशांचे दृश्य टिपत असे. तारखेचा निकष लावला तर पुखबर्गरकडे झुकते माप जाते. तथापि मार्टेन्सने टिपलेले पॅरिसचे पट आजही पाहायला मिळतात, त्यामुळे त्याचा दावा सहज बाजूला सारता येत नाही. भारतात फेलिचे बेआतो याने १८५८ मध्ये केलेले लखनौचे पट प्रसिद्ध आहेत. ते ओळीने घेतलेल्या काचेच्या निगेटिव्हच्या प्रती शेजारी शेजारी जोडून केलेले असल्याने एकाच निगेटिव्हच्या कसोटीला उतरत नाहीत.

कॅमेऱ्यांचे दोन प्रकार मानतात: स्थिर भिंगाचे आणि फिरते. दोहोंतला फरक समजायला ग्वाल्हेरसारखे गाव नाही. तेथील लष्कर भागातल्या महाराज बाडा या चौकात जिवाजीरावांच्या पुतळ्यापाशी उभे राहिले की इमारती चहूबाजूंनी वेढतात. फिरता कॅमेरा हा वेढा सरळ ओळीत उलगडतो. उलट किल्ल्यावरील मानमंदिर या राजवाड्याची सरळ पूर्वभिंत त्याच्यापुढे धनुष्यासारखी वाकते. स्थिर भिंग भिंत सरळ ठेवते, पण कडेचे बुरूज ताणून रुंद करते. शिवाय कडेला उजेड कमी पडतो. ६×१७ वर ९० मिमी.चे भिंग लावल्यास सुमारे ८६ अंश रुंदीचे दृश्य मिळते, पण सैद्धांतिक हिशेबाने दोन्ही टोकांना मध्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी प्रकाश पोचतो. तो समतोल साधण्यासाठी मध्यभागी गडद असलेला फिल्टर लावतात. १५० मिमी.च्या भिंगाला त्याची सहसा गरज पडत नाही.

नवशिक्याने खास पॅनोरमा कॅमेरा घेण्याची घाई करू नये. साधा ४×५ कॅमेरा, तिवई आणि अर्धी कापलेली एक जादा डार्क स्लाइड (होल्डरमधील फिल्म झाकणारी सरकती पट्टी) एवढ्यावर काम सुरू होते. पूर्ण स्लाइड काढून तिच्या जागी ही अर्धी घातली की फिल्मचा एकच अर्धा भाग उघडा राहतो, आणि एका फिल्मवर दोन लांबट चित्रे बसतात. कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर प्रतिमा उलटी पडते. म्हणजे फिल्मच्या खालच्या अर्ध्यात दृश्याचा वरचा भाग येतो. गुजरी महालाच्या बाजूने, पायथ्यावरून ग्वाल्हेरचा किल्ला टिपताना याचा मोठाच उपयोग होतो. कॅमेरा पाणसळीने सपाट ठेवायचा आणि खालचा अर्धा भाग उघडा ठेवायचा. ९० मिमी.च्या भिंगाने क्षितिजापासून वर सुमारे २७ अंशांपर्यंतचे दृश्य त्यात मावते. कॅमेरा वर कलवावा लागत नाही, म्हणून बुरूज माथ्याकडे एकमेकांवर झुकत नाहीत. संरक्षित वास्तूच्या आवारात तिवई लावण्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी.

ग्वाल्हेरच्या वास्तू टिपण्याची परंपरा जुनी आहे. छायाचित्रकार लाला दीनदयाळ इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नोकरीत होते. त्यांनी छायाचित्रणाला आरंभ केला तो बहुधा १८७४ च्या सुमारास. १८८० च्या दशकात गव्हर्नर जनरलचा मध्य भारतातील प्रतिनिधी लेपेल ग्रिफिन याच्याबरोबरच्या मध्य भारताच्या दौऱ्यात त्यांनी ग्वाल्हेरच्या वास्तूही टिपल्या.

पॅनोरमासाठी वापरायची ७×१७ इंचाची तयार फिल्म खास मागणीवरच मिळते. त्यामुळे अनेक जण १४×१७ इंचाची एक्स-रे फिल्म मधोमध कापून दोन तुकडे करतात. हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असलेली ही फिल्म लाल दिव्याखाली हाताळता येते, आणि अंधारात चाचपडणाऱ्या नवशिक्याला हा मोठा आधार आहे. लाल रंग तिला दिसत नाही. त्यामुळे दगडातील तांबूस छटा काळवंडतात आणि मानमंदिराच्या निळ्या फरशा फिकट उतरतात. बहुतेक एक्स-रे फिल्मना दोन्ही बाजूंनी रसायनाचा थर असतो आणि ओला असताना तो नखानेही खरवडला जातो. म्हणून ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवून एका वेळी एकच तुकडा धुवावा. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात नळाचे पाणीच तापलेले असते. तेव्हा डेव्हलपरची (प्रतिमा प्रकट करणाऱ्या रसायनाची) ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास आणल्याशिवाय फिल्म बुडवू नये.