ग्रीक अक्षरं आणि बंद दार

अमेरिकी विद्यापीठाच्या आवारात दारावर दोन-तीन ग्रीक अक्षरं मिरवणारी मोठमोठी घरं दिसतात. ही ‘फ्रॅटर्निटी’ आणि ‘सोरॉरिटी’ यांची, म्हणजे मुलांच्या आणि मुलींच्या विद्यार्थी-मंडळांची घरं. नव्याने गेलेल्या मुलांना ती वसतिगृहं वाटतात, पालकांना क्लब वाटतात. खरं तर गुप्त मंडळ, राहण्याचं घर आणि सदस्यांची निवड या तीन गोष्टी वेगवेगळ्या काळात एकमेकींना जोडल्या गेल्या आणि त्यातून हे रूप आलं. आजची बहुतेक भांडणंही या तीन सांध्यांवरच होतात.

सुरुवात गुप्ततेपासून झाली. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात ‘फाय बीटा कॅपा’ स्थापन झाली. तेव्हा कॉलेजात ग्रीक आणि लॅटिन सगळेच शिकत, म्हणून ‘तत्त्वज्ञान हे जीवनाचं सुकाणू’ अशा अर्थाच्या ग्रीक ब्रीदवाक्याची आद्याक्षरं हेच नाव झालं. शपथ, बिल्ला, हस्तांदोलनाची खूण हे सगळं तिथलंच. ती संस्था पुढे गुप्तता सोडून गुणवंतांची संस्था बनली, पण साचा मागे राहिला. न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ मध्ये ‘कॅपा अल्फा सोसायटी’ आणि १८२७ मध्ये आणखी दोन मंडळं निघाली. पाठांतर आणि कडक शिस्तीच्या त्या कॉलेजात प्राध्यापकांच्या नजरेबाहेर बोलण्याची ती एक जागा होती. गुप्तता चैनीसाठी नव्हती, हे आज विसरलं जातं.

मुलींची कथा वेगळी आहे. कॉलेजं मुलींना प्रवेश देऊ लागली, तरी मंडळांची दारं बंदच राहिली. इंडियाना अ‍ॅस्बरी विद्यापीठात (आजचं डीपॉव) २७ जानेवारी १८७० रोजी ‘कॅपा अल्फा थीटा’ स्थापन झाली. तिच्या संस्थापक बेटी लॉक यांना एका फ्रॅटर्निटीने आपला बिल्ला लावायला देऊ केला होता, सदस्यत्व मात्र नाही. मग त्यांनी स्वतःचीच संस्था काढली, असं तिथे सांगतात. ‘सोरॉरिटी’ हा शब्द तर त्यानंतरचा. १८८२ मध्ये सिराक्यूजच्या एका लॅटिनच्या प्राध्यापकांनी तो ‘गॅमा फाय बीटा’साठी सुचवला. त्याआधी मुलींच्या संस्थाही स्वतःला फ्रॅटर्निटीच म्हणवत, आणि काहींच्या अधिकृत नावात तो शब्द अजून आहे.

घर आलं ते खोल्यांच्या टंचाईतून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थी वाढले, वसतिगृहं अपुरी पडली. माजी सदस्यांनी पैसे जमवून शाखांसाठी, म्हणजे मंडळाच्या त्या त्या कॉलेजातल्या गटांसाठी, घरं घेतली. पण घर आलं की कर्जाचा हप्ता आला, स्वयंपाकी आला, छपराची डागडुजी आली. खाटा रिकाम्या राहिल्या तर शाखा बुडते. म्हणून दर वर्षी नवे सदस्य मिळवण्याची धावाधाव सुरू झाली. या हंगामाचं ‘रश’ हे नाव त्याला अगदी साजेसं आहे. चढाओढ इतकी वाढली की काही ठिकाणी कॉलेजात नाव घालण्याआधीच मुलींकडून शब्द घेतला जाई. १९०२ मध्ये सोरॉरिटींची राष्ट्रीय परिषद जमली ती मुख्यतः हे थांबवण्यासाठी.

सोरॉरिटींच्या आजच्या निवडीचं गणित त्याच धडपडीतून आलं आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. भेटींच्या अनेक फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीनंतर मुलगी आपला पसंतीक्रम देते, शाखा आपला देते, आणि संगणक जुळणी करतो. कोणत्या शाखेने किती मुलींना पुन्हा बोलवायचं, हे तिच्या मागच्या वर्षांच्या आकड्यांवरून ठरतं. शेवटच्या फेरीनंतर मुलगी करारावर सही करते. त्यात लिहिलेल्या शाखेने निमंत्रण दिलं आणि तिने ते नाकारलं, तर त्या आवारात पुढच्या मुख्य भरतीपर्यंत परिषदेतल्या दुसऱ्या सोरॉरिटीत तिला जाता येत नाही. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे एकाच आवडत्या शाखेचं नाव लिहिणं. शेवटच्या फेरीत जिथे जिथे बोलावलं, त्या सगळ्या शाखांची नावं लिहिणाऱ्या मुलीला, जुळणी हुकली तरी, ठरलेल्या संख्येच्या वर जागा देता येते. एकच नाव लिहिणारीला ही सवलत नसते.

निवडीचा दुसरा अर्थ वगळणं. कित्येक संस्थांच्या नियमांत वंश आणि धर्माच्या अटी उघड लिहिलेल्या होत्या. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी कॉर्नेलमध्ये १९०६ साली ‘अल्फा फाय अल्फा’ आणि हॉवर्ड विद्यापीठात विद्यार्थिनींनी १९०८ साली ‘अल्फा कॅपा अल्फा’ उभी केली. तिथलं सदस्यत्व पदवीनंतरही आयुष्यभर चालतं. कमला हॅरिस याच दुसऱ्या संस्थेच्या. दक्षिण आशियाई मुलामुलींच्या संस्था १९९० च्या दशकात निघाल्या. बर्कलीची ‘डेल्टा फाय बीटा’ १९९२ ची.

आणि बंद दारामागचा नव्या सदस्यांचा छळ, म्हणजे हेझिंग. कॉर्नेलमध्ये १८७३ सालीच दीक्षेच्या रात्री एक मुलगा घळईत कोसळून मेला. १९८४ च्या कायद्यानंतर मद्यपानाचं वय देशभर २१ झालं. पहिल्या वर्षाची मुलं १८-१९ ची, त्यामुळे पिणं घरांच्या तळघरात गेलं. सोरॉरिटींच्या घरांत मद्याला बंदी असल्याने पार्ट्या मुलांच्या घरी होतात, म्हणजे दार, दारू आणि पाहुण्यांची यादी मुलांच्याच हाती. पेन स्टेटमध्ये २०१७ साली नवा सदस्य जिन्यावरून पडला आणि जवळपास बारा तास कुणी मदत बोलावली नाही. शाखेची मान्यता जाईल ही भीती अशा वेळी शुद्धीतल्या मुलांनाही गप्प बसवते.

महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. अमेरिकेत हेझिंगवरचा देशव्यापी कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झाला. त्यानुसार दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती विद्यापीठाने संकेतस्थळावर जाहीर करायची असते. सही करण्याआधी ती जरूर वाचावी. मात्र तो अहवाल मान्यताप्राप्त संघटनांपुरताच आहे. मान्यता गेलेल्या काही शाखा भाड्याच्या घरात, तीच अक्षरं लावून चालूच राहतात, आणि त्यांचं नाव त्या यादीत सापडेलच असं नाही. म्हणून आधी विद्यापीठाची मान्यताप्राप्त शाखांची यादी पाहावी, मग हा अहवाल.