बंदर बुजले, नक्षी उरली

आंध्र प्रदेशातला कृष्णा जिल्हा पाहायला निघालेल्या माणसाच्या हाती एक ठरलेली यादी पडते: पेडणाची कलमकारी (कापडावरची रंगीत नक्षी), कुचिपुडी नृत्य, मंगिनपुडीचा किनारा, बंदर लाडू आणि कोंडपल्लीची लाकडी खेळणी. यातली शेवटची नोंद आता जुनी झाली आहे. एप्रिल २०२२ मध्ये राज्यातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा विजयवाडा आणि कोंडपल्ली नव्या एनटीआर जिल्ह्यात गेले. कृष्णा जिल्ह्याकडे मुख्यालय मछलीपट्टण आणि समुद्राकडचा त्रिभुज प्रदेश उरला. पण एकदा जुना जिल्हा म्हटला की खेळणीही आलीच, म्हणून यादी बदलायची घाई कोणी केलेली दिसत नाही.

या यादीतल्या प्रत्येक गोष्टीमागे ‘शेकडो वर्षांची अखंड परंपरा’ असे शब्द हमखास जोडलेले असतात. त्यातला ‘अखंड’ हा शब्द मला पटत नाही. इथली प्रत्येक कला कधी ना कधी तुटली आणि वेगळ्या हातांनी, वेगळ्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा उभी राहिली. ते समजायला सुरुवात बंदरापासून करावी लागते. मछलीपट्टणला स्थानिक लोक आजही नुसते ‘बंदर’ म्हणतात.

कृष्णेच्या मुखाजवळचा हा व्यापार फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी टिपणात या किनाऱ्याचा उल्लेख ‘मसालिया’ असा येतो, आणि तिथे भरपूर कापड बनते अशी नोंदही आहे. जवळच्या घंटसाला गावात बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले आहेत. टॉलेमीने सांगितलेली एक पेठ म्हणजे हेच गाव, असे अभ्यासक मानतात. मात्र मछलीपट्टणची खरी भरभराट झाली ती गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत. राजधानी समुद्रापासून दूर, त्यामुळे इराणी व्यापारी, घोडे आणि हजचे प्रवासी या सगळ्यांची ये-जा याच बंदरातून होई. सतराव्या शतकाच्या पहिल्याच दशकात डचांनी इथे वखार घातली, १६११ मध्ये इंग्रज आले, १६६९ मध्ये फ्रेंच.

वास्तविक बंदर म्हणून ही जागा फारशी सोयीची नव्हती. नदीचा गाळ दूरवर पसरलेला, समुद्र उथळ. मोठी जहाजे किनाऱ्यापासून काही मैलांवर नांगर टाकत आणि माल लहान होड्यांतून आत येई. तरी सगळे येत, कारण किनाऱ्यामागच्या गावांतले कापड.

या कापडाचे, म्हणजे कलमकारीचे, गुपित पाण्यात आणि मुळीत होते. मुळी म्हणजे किनाऱ्याजवळच्या वाळूत, शिंपल्यांच्या चुन्यावर वाढणाऱ्या एका झुडपाची. तिचा लाल रंग धुण्याने उलट खुलायचा. त्या काळी युरोपात सुती कापडावर असा पक्का रंग चढवायची विद्या नव्हती. रीत थोडक्यात अशी: कोरे कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवायचे. दुधामुळे रंग पसरत नाही. गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून काढलेल्या काळ्या द्रावाने रेघा उठवायच्या. जिथे लाल हवा तिथे तुरटीचा ठसा मारायचा. मग वाहत्या पाण्यात धुऊन ते मुळीच्या रंगात उकळायचे. तुरटी लागलेल्या जागीच लाल धरतो, बाकीचे पुढे उन्हात आणि धुण्यात निघून जाते. नीळ आणि पिवळा नंतरचे.

कलमकारीचे दोन पंथ मानतात. श्रीकाळहस्तीला कलमाने, म्हणजे बांबूच्या काडीला कापड गुंडाळून, देवादिकांच्या कथा चितारतात. मछलीपट्टण-पेडणाकडे सागवानी ठशांनी छपाई होते. फरक गिऱ्हाइकामुळे पडला. इथला माल इराणी वाड्यांसाठी होता, म्हणून सरूचे झाड, कमानी, वेली, मोर, पोपट. हाच माल पूर्वेकडच्या बेटांवर देऊन डच व्यापारी लवंग आणि जायफळ घेत. पुढे युरोपातल्या घरांना या छिटांचे वेड लागले, तसे तिथले विणकर बिथरले. फ्रान्सने १६८६ मध्ये छापील कापडावर बंदी घातली. इंग्लंडनेही १७०० आणि १७२१ मध्ये कायदे केले.

बंदीपेक्षा मोठा घाव नंतर बसला. युरोपच्या गिरण्या तशाच नक्षीचे कापड स्वस्तात छापू लागल्या आणि १८६९ नंतर प्रयोगशाळेतला लाल रंग आला. मुळी खणणारे, सुकवणारे, विकणारे सगळेच निकामी झाले. आज पेडणात दिसणारे काम ही बऱ्याच अंशी स्वातंत्र्यानंतरची पुनर्बांधणी आहे. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाने या कारागिरांना पुन्हा बाजार मिळवून दिला. आता भौगोलिक मानांकनही आहे. पण त्याच नावाखाली रासायनिक रंगातले, स्क्रीनने छापलेले कापडही सर्रास विकले जाते.

कुचिपुडी हे गाव मछलीपट्टणच्याच परिसरातले, मोव्वा मंडलातले. ‘मुव्व गोपाल’ या मुद्रेने पदे रचणाऱ्या क्षेत्रय्यांचे मोव्वा ते हेच. परंपरा सांगते की सिद्धेंद्र योगींनी ‘भामाकलापम’ हे सत्यभामेचे नृत्यनाट्य रचले आणि गावातल्या ब्राह्मण मुलांकडून वचन घेतले: प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी सत्यभामा साकारायची. स्त्रियांना रंगमंचावर जागा नव्हती, त्यामुळे सत्यभामा पुरुषच. पडद्यामागून तिची लांब वेणी पडद्यावरून बाहेर येते, प्रेक्षकांसमोर लोंबते, आणि मग ती बाई दिसते. माझ्याहून वरचढ कोणी असेल तर वेणीला हात लावून दाखवा, असे ते आव्हान. विसाव्या शतकात ही भूमिका वेदांतम सत्यनारायण शर्मांनी अशी गाजवली की सत्यभामा म्हटले की त्यांचेच नाव निघे.

गावाला इनाम मिळाल्याची कथाही याच बंदराशी जोडलेली. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा १६७८ च्या सुमारास या भागात आला, त्याने हा खेळ पाहिला आणि अख्खे गाव कलावंतांना अग्रहार म्हणून दिले, असे सांगतात. मराठी वाचकाला हा सुलतान अनोळखी नाही. दक्षिण दिग्विजयाला निघालेल्या शिवाजी महाराजांचे १६७७ मध्ये भागानगरात स्वागत करणारा कुतुबशहा तो हाच. पुढे दहाच वर्षांत औरंगजेबाने त्याचे राज्य बुडवले. कृष्णाकाठच्या या भागवतुलुंच्या, म्हणजे कुचिपुडीच्या कलावंतांच्या, नाट्याचीच जवळची नातलग म्हणजे तंजावरजवळच्या मेलट्टूरची भागवत मेळा परंपरा. तिथल्या तेलुगू नाटकांना नायकांनंतर भोसले राजांनीही आश्रय दिला.

नृत्य म्हणून कुचिपुडीचे आजचे रूप मात्र गावाबाहेर घडले. वेदांतम लक्ष्मीनारायण शास्त्रींनी मुलींना शिकवायला सुरुवात केली आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकातून एकलनृत्य वेगळे काढले. गावातच जन्मलेले वेंपटी चिन्न सत्यम मद्रासला गेले, १९६३ मध्ये त्यांनी तिथे कुचिपुडी आर्ट अकादमी काढली, आणि जगभर गेले ते हे मद्रासमध्ये घासूनपुसून घेतलेले कुचिपुडी. पितळी थाळीच्या काठावर पाय रोवून केलेले तरंगम बहुतेकांनी पाहिलेले असते. गावचा मूळ खेळ पाहिलेले त्या मानाने थोडे. सभागृहातल्या दीड तासात वेणीचा तो तोरा मावत नाही, असे माझे मत.

किनाऱ्याबद्दल बोलताना पर्यटन खाते मंगिनपुडीच्या उथळ, पोहायला बऱ्या पाण्याचे कौतुक करते. पण हा किनारा वादळांचा आहे. १ नोव्हेंबर १८६४ च्या रात्री समुद्र मछलीपट्टणात शिरला आणि सुमारे ३०,००० माणसे गेली. त्यानंतर हे शहर पूर्वीचे राहिले नाही. इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे तर १६४१ मध्येच मद्रासला हलवले होते. १९ नोव्हेंबर १९७७ ला दिविसीमेवर, म्हणजे कृष्णेच्या फाट्यांमधल्या सखल भूभागावर, लाट आली. सरकारी आकडा सुमारे दहा हजार मृतांचा होता. मे २०२३ पासून मछलीपट्टणला पुन्हा बंदर बांधायचे काम चालू आहे, आणि त्यातला मोठा खर्च अर्थात गाळ उपसण्याचा.

मंगिनपुडीच्या वाटेवर चिलकलपुडी लागते. सोन्याचा मुलामा दिलेल्या दागिन्यांसाठी ही वस्ती तेलुगू घरांत माहीत असते. मराठी माणसाने थांबावे ते इथल्या पांडुरंगस्वामी मंदिरासाठी. १९२९ मध्ये नरसिंहम नावाच्या भक्ताने ते उभारले. या स्थानाला कीर पंढरपूर म्हणतात. यात्रा कार्तिकातच भरते, फक्त स्नान चंद्रभागेऐवजी समुद्रात.

खाण्यात भाताला पर्याय नाही. १८५५ मध्ये विजयवाड्याचा बंधारा पुरा झाला, कालवे आले आणि त्रिभुज प्रदेश भाताचे आगर बनला. गोंगुराची (अंबाडीची) चटणी, आवक्काय (कैरीचे लोणचे), मासे आणि कोळंबी त्या भातासोबत. गोडात मात्र उत्तरेचा हात दिसतो. बंदर लाडू इथे आणला तो बुंदेलखंडातून आलेल्या बोंदिली कुटुंबांनी, असे सांगतात. बेसनाची जाड शेव तुपात तळायची, उखळात कुटून चाळायची, गुळाच्या पाकात घालून तूप सोडत पुन्हा कुटायची आणि वेलदोडा घालून वळायची. याच कुटण्यावरून त्याला तोक्कुडु लाडू म्हणतात. २०१७ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या काचेत काळसर, तुपाने चकाकणारा बंदर हलवाही असतो, भिजवलेल्या गव्हाच्या चिकाचा आणि गुळाचा. दोन्ही घ्यावेत. लाडू जिभेवर विरघळायला हवा. कणी लागली तर कुटणाऱ्याने कंटाळा केला.