वासराच्या खुराकातली दोन प्रथिने: जंतूंसाठी कोणती, वासरासाठी कोणती?

पशुखाद्याच्या पोत्यावर छापलेला प्रथिनांचा आकडा खरे तर नत्रावरून काढलेला असतो. प्रयोगशाळेत नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. ४६ टक्के नत्र असलेला युरिया या हिशेबाने २८७ टक्के ‘कच्ची प्रथिने’ ठरतो, आणि त्यात प्रथिनाचा कणही नसतो! त्यामुळे दोन वेगळ्या खाद्यांच्या पोत्यांवर १८ टक्केच लिहिलेले असले तरी कालवडीची वाढ सारखी होईलच असे नाही.

फरक पडतो तो कोठीपोटात, म्हणजे जनावराच्या चार पोटांपैकी पहिल्यात. तिथे कोट्यवधी सूक्ष्मजंतू राहतात आणि खाद्यावर पहिला हात त्यांचाच. जी प्रथिने ते तिथेच फोडतात ती विघटनशील. जी त्यांच्या हातून निसटून पुढे चौथ्या पोटात आणि लहान आतड्यात पोचतात ती बायपास. शेंगदाणा पेंड, मोहरीची पेंड पहिल्या बाजूला झुकते. मक्याचे ग्लूटेन आणि मासळीची भुकटी दुसऱ्या. सोयाबीन पेंड एरवी बरीचशी विघटनशील असते, पण उष्णता देऊन तयार केली की तिचा बायपास भाग वाढतो.

इथेच गैरसमज होतो. ‘बायपास’ म्हटले की उंची माल आणि विघटनशील म्हणजे वाया, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जंतू त्या प्रथिनांचा अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःचे शरीर बांधतात. मग हेच जंतू पुढे वाहत जाऊन पचतात. त्यांच्यातली अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांची, जुळणी जनावराच्या गरजेशी इतकी चांगली जमते, की बहुतेक पेंडी तिच्यापुढे फिक्या पडतात. अट एकच: जंतूंना त्याच वेळी पिष्ट किंवा पचणारी वैरण मिळायला हवी. ती नसेल तर अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करते आणि त्यातला बराचसा लघवीवाटे बाहेर पडतो.

मग बायपास हवेच कशाला? वयामुळे. नवजात वासराचे कोठीपोट नावापुरतेच असते. दूध पिताना अन्ननलिकेची खोबण मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरते. म्हणजे निसर्गाने त्याला सगळेच बायपास दिलेले असते. दुधातले केसीन तिथे गोठून सावकाश पचते. दुधाऐवजी सोयाबीनच्या प्रथिनांची पावडर पाजली तर पहिल्या काही आठवड्यांत ती नीट पचत नाही. शिवाय कच्च्या सोयाबीनमधले घटक ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवतात. दूध तोडल्यानंतरचे काही महिने तर अडचणीचेच असतात. वाढीचा वेग मोठा, पण कोठीपोट अजून पुरेसे जंतू पुरवत नाही. बायपास प्रथिनांचा खरा उपयोग याच काळात होतो. कालवड मोठी होते तशी तिची गरज जंतूच बरीचशी भागवतात, आणि तेव्हा महागडे बायपास खाद्य घालणे म्हणजे बहुतेकदा पैसे उधळणे.

बायपासमध्येही सगळे सारखे नसते. मक्याच्या ग्लूटेनमध्ये लायसिन हे अमिनो आम्ल कमी, सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे दुसरे कमी. मासळीच्या भुकटीत दोन्ही चांगले. आणि पेंड जास्त भाजली गेली तर लायसिन साखरेला असे चिकटते की आतड्यातही सुटत नाही. ते शेणातून बाहेर पडते. गडद तपकिरी, जळकट वासाची पेंड पोत्यावर कितीही टक्के दाखवो, वासराला त्यातले फारसे मिळत नाही.

वाढ तपासताना नुसत्या वजनावर जाऊ नका, खांद्याची उंचीही मोजा. ऊर्जा भरपूर आणि प्रथिने तोकडी असली की कालवड उंच होण्याऐवजी गुबगुबीत होते, आणि वयात येण्याआधीची ही चरबी कासेतही साठते. आणि युरिया मिसळलेले खाद्य सहा महिन्यांखालच्या वासरापुढे ठेवूच नका. युरियाचा पोटात अमोनिया होतो; तो वापरून टाकण्याइतके जंतू त्याच्या पोटात अजून नसतात, आणि जास्त झाला तर विषबाधा होते.