व्यतिकरणातील प्रकाशतीव्रता

दोन सुसंगत, म्हणजे एकमेकींशी ठरावीक ताल राखणाऱ्या, प्रकाशलहरी एका बिंदूपाशी एकत्र आल्या (यालाच व्यतिकरण म्हणतात) की तिथली तीव्रता काढताना दोन्ही तीव्रतांची नुसती बेरीज करून चालत नाही. आधी लहरींची विद्युतक्षेत्रे चिन्हासकट मिळवायची, मग वर्ग करायचा. कारण तीव्रता परमप्रसराच्या (लहरीच्या कमाल उंचीच्या) वर्गाच्या प्रमाणात असते. सुट्या लहरींच्या तीव्रता अ आणि ब, त्यांच्यातील कलांतर (एक लहर दुसरीच्या किती पुढे-मागे आहे तो कोन) क आणि ध्रुवणाची दिशा (विद्युतक्षेत्र ज्या दिशेत आंदोलते ती) एकच असेल, तर एकूण तीव्रता

त = अ + ब + २√(अब) कॉस क

कलांतर पथांतरावरून (दोन लहरींच्या वाटांच्या लांबीतील फरकावरून) काढतात: क = ३६०° × पथांतर ÷ तरंगलांबी. एका लहरीच्या वाटेत ज जाडीची, न अपवर्तनांकाची काच आली, तर हवेच्या तुलनेत तिचा पथ (न − १)ज एवढा वाढतो. अधिक अपवर्तनांकाच्या माध्यमावरून परावर्तन झाल्यास आणखी १८०° मिळवावे लागतात. पातळ पटलांच्या गणितात हेच हमखास राहून जाते आणि काळ्या पट्ट्याच्या जागी उजळ पट्टा येतो.

यंगच्या प्रयोगात एकच प्रकाश दोन अरुंद फटींतून पडद्यावर पाडतात. त्यात फटींमधील अंतर ०.५ मिमी, पडदा १ मीटरवर आणि तरंगलांबी ६०० नॅनोमीटर घेऊ. मध्यापासून ०.२ मिमीवर पथांतर ०.५ × ०.२ ÷ १००० = ०.०००१ मिमी, म्हणजे १०० नॅनोमीटर, कलांतर ६०°. दोन्ही फटी सारख्या असल्याने त = ४अ कॉस²(क/२) = ३अ. इथे अ ही एकाच फटीची तीव्रता आहे. पुष्कळ उदाहरणांत मध्यावरची कमाल तीव्रता दिलेली असते. मग उत्तर तिच्या ०.७५ पट. हा फरक न पाहता सूत्र लावले की उत्तर चौपट चुकते.

तीव्रता असमान असतील तर काळे पट्टे पुरते काळे होत नाहीत. ४:१ तीव्रतांसाठी परमप्रसर २:१, म्हणून कमाल व किमान तीव्रतेचे गुणोत्तर ९:१. क्षीण लहरीलाही कमी लेखू नये. मूळ शलाकेच्या केवळ १ टक्का तीव्रतेचे भरकटलेले परावर्तन आले, तरी त्याचा परमप्रसर एक दशांश असतो आणि तीव्रता ०.८१ ते १.२१ पट अशी हेलकावते. लेझरच्या मोजमापात भिंगाच्या पृष्ठावरून येणारे असे परावर्तन फार त्रास देते. भिंग किंचित तिरके केले की ते बाजूला जाते.

दोन स्वतंत्र दिव्यांच्या प्रकाशात कलांतर इतक्या वेगाने बदलते की कॉस क ची सरासरी शून्य होते आणि त = अ + ब एवढेच उरते. लहरींचे ध्रुवण परस्परांना लंब असेल तरीही हेच.

फटींची रुंदी धरायची झाली, तर वरच्या सूत्राला एका फटीच्या विवर्तनाच्या (अरुंद फटीतून प्रकाश पसरण्याच्या) गुणकाने गुणतात. फटींमधील अंतर रुंदीच्या चौपट असल्यास मध्यापासूनचा चौथा उजळ पट्टा दिसतच नाही.